तीन वर्षांचे भाड्याचे घर आणि उतारवय

सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा ठराव मंजूर होतो, करारावर सह्या होतात, विकासक पहिल्या अकरा महिन्यांच्या भाड्याचे धनादेश हाती ठेवतो आणि मग घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. याच उपनगरात घर घेतले तर मिळालेले भाडे जवळजवळ सगळे जाईल, कदाचित पदरचे थोडे घालावे लागेल. मीरा रोडला किंवा डोंबिवलीला घेतले, तर घर मोठे मिळेल आणि महिन्याकाठी काही हजार रुपये उरतील. हिशेब अचूक असतो. त्यात घरातल्या वृद्ध माणसाचे वय तेवढे धरलेले नसते.

विलेपार्ले पूर्वेला मी गेली सत्तावीस वर्षे दवाखाना चालवते. साठ-सत्तरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या येथील तीन-चार मजली, बिनालिफ्टच्या इमारती एकामागून एक पत्र्यांच्या कुंपणाआड जाताना मी पाहते आहे. ज्यांनी उभ्या आयुष्यात कधी भाडे भरले नाही, अशी माणसे सत्तरी-पंचाहत्तरीत प्रथमच भाडेकरू होत आहेत. मुलुंड, बोरिवली, ठाणे किंवा पुण्यातील कोथरूड-एरंडवणे येथील वाचकांनाही हे चित्र अनोळखी नसेल. विकासक तीन वर्षे सांगतो, ती चार-पाच होतात. ऐंशीच्या उंबरठ्यावरील माणसाच्या आयुष्यातला हा मोठा हिस्सा आहे. तो ‘तात्पुरता’ म्हणून कसाबसा काढायचा काळ नव्हे. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते : भाड्यातला तो उरणारा फरक वाचवू नका. वृद्ध माणसाला त्याच्या परिसरातच ठेवण्यासाठी तो खर्च करा. औषधांवर होणाऱ्या खर्चाइतकाच तो आवश्यक आहे.

यात हळवेपणा नाही. जुन्या परिसरात राहणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंकडे काय काय असते ते पाहा. कोवळी भेंडी बाजूला काढून ठेवणारा भाजीवाला असतो. ‘ती गुलाबी गोळी’ एवढ्यावर औषध ओळखणारा औषधविक्रेता असतो. सकाळच्या फेरीत चार दिवस दिसल्या नाहीत, तर दाराशी येऊन चौकशी करणाऱ्या मैत्रिणी असतात. पार्ल्यात १९२३ पासून लोकमान्य सेवा संघासारखी संस्था आहे. तेथील व्याख्यानाला जायचे म्हणून संध्याकाळी साडी बदलली जाते, घराबाहेर पाऊल पडते. पदपथावरची कोणती फरशी हलते, कोठे खाली पाहायचे, हे पायांना पाठ झालेले असते. या प्रत्येक गोष्टीत थोडे चालणे आहे, थोडे बोलणे आहे आणि कोणाच्या तरी लक्षात असणे आहे.

परिसर बदलला की प्रथम चालणे थांबते. रस्ता अनोळखी, रहदारी वेगळी, वाटेत टेकायला कट्टा नाही. म्हणून ‘उद्यापासून जाऊ’ असे आठवडे जातात. मांडीचे स्नायू फार लवकर क्षीण होतात. वृद्धांमध्ये तर काही आठवड्यांच्या बैठेपणाने खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागतो. मग गुडघे दुखतात, रक्तातील साखर वर सरकते, बद्धकोष्ठता येते, दुपारी डोळा लागतो आणि रात्री लागत नाही. मोठे, हवेशीर घर घेऊन दूर गेलेले एक गृहस्थ सहा महिन्यांनी तपासणीला आले. पत्नी कौतुकाने म्हणाली, ‘‘आता फार शांत झालेत, कशावरून चिडत नाहीत.’’ त्यांनी वर्तमानपत्र वाचणे सोडले होते, वजन कमी झाले होते, पहाटे तीनला जाग येत होती. ती शांतता नव्हती, नैराश्य होते. वृद्धांतील नैराश्य रडून व्यक्त होईलच असे नाही. ते पुष्कळदा असे गप्प असते आणि घरच्यांना सोयीचे वाटते, म्हणून निदानावाचून राहते. योग्य उपचारांनी ते बरे होते, हेही येथेच सांगून ठेवते.

अर्थात, प्रत्येकाला हा फरक सोसणारा नसतो. अशा वेळी दूरच्या ऐसपैस दोन शयनगृहांपेक्षा जवळचे लहान घर घ्यावे आणि जादा सामान गोदामात ठेवावे, असे मी सुचवते. एक अपवाद मात्र खुल्या मनाने मान्य करते. मुलगी ठाण्याला असेल आणि तिच्याच इमारतीत किंवा पायी पाच मिनिटांवर घर मिळत असेल, तर पार्ल्याचा मोह सोडावा. रोज दिसणारे आपले माणूस सगळ्या परिसराची भरपाई करू शकते. ‘आठवड्यातून एकदा येऊ’ हे आश्वासन मात्र ती भरपाई करीत नाही.

आता घर पाहण्याविषयी. आपल्याकडे मुलगा आणि सून घर पसंत करतात आणि आई-वडिलांना ते प्रथम दिसते सामान हलवण्याच्या दिवशी. हे टाळा. ज्याला राहायचे आहे त्याला घेऊन जा. शक्यतो संध्याकाळी, दमलेल्या पायांनी. दिवाणखान्यातील खिडकीचे कौतुक नंतर होऊ द्या, आधी न्हाणीघरात शिरा. कमोडवर बसून, कशालाही न धरता उठता येते का, ते करूनच पाहायला सांगा. आसन जमिनीपासून साधारण ४३ ते ४८ सेंटिमीटर उंच असले, तर दुखऱ्या गुडघ्यांना सोपे जाते. कमी असेल तर वर बसवायचे उंच आसन विकत मिळते आणि त्यासाठी भिंतीला एकही भोक पाडावे लागत नाही. न्हाणीघराच्या दाराशी पायरी आहे का? दार आत उघडते की बाहेर? आत पडलेले माणूस दाराला टेकून पडले, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही. दार बदलता येणार नसेल, तर निदान कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवून घ्यावी आणि ती लावायची नाही असा घरात शिरस्ता ठेवावा.

उच्चभ्रू वस्तीतील नव्या इमारतींची एक गंमत अशी की त्या वृद्धांना परवडतात, पण त्यांच्यासाठी बांधलेल्या नसतात. आरशासारखी गुळगुळीत फरशी, त्याच रंगाची भिंत, पांढऱ्या टाइल्सवर पांढरा कमोड, काचेचा शॉवरकक्ष, बोट लावताच चालू होणारी बटणे आणि आकडे दाबून उघडणारे कुलूप. मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेल्या डोळ्यांना या फरशीवर पाणी सांडले आहे की दिवा चमकतो आहे, ते कळत नाही. पायरी कोठे संपते ते दिसत नाही. पायरीच्या कडेला, कमोडमागील भिंतीवर आणि बटणांभोवती गडद रंगाची चिकटपट्टी लावली की निम्मे काम होते. घर त्यामुळे थोडे कुरूप दिसते, दिसू द्यावे.

लिफ्ट आहे, एवढे पुरेसे नाही. वीज गेल्यावर ती चालते का, चाकांची खुर्ची तिच्यात मावते का आणि प्रवेशद्वारापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, हे विचारा. शेजारच्या भूखंडावर पायाचे खोदकाम सुरू असेल तर दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी ते घर नाकारावे. जुन्या परिसरातच राहण्याचा हा एक तोटा आहे आणि तो मी लपवत नाही : सगळा परिसरच पाडला जात असल्याने धूळ चुकत नाही. रस्त्यापासून मागे, झाडांच्या बाजूला उघडणारी निजण्याची खोली मिळाली तर तीच निवडा.

आणि रेल्वेरुळांची कोणती बाजू, हे पाहा. पश्चिम उपनगरांत हा प्रश्न क्षुल्लक नाही. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली. मधल्या काळात पूर्वेकडून पश्चिमेच्या रुग्णालयात जाणे म्हणजे काय होते, ते अनेक कुटुंबांनी अनुभवले. पावसाळ्यात अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली जातो तेव्हा पुन्हा तीच कथा. आपले हृदयरोगतज्ज्ञ, डायलिसिसचे केंद्र किंवा नेहमीचे रुग्णालय ज्या बाजूला आहे, शक्यतो त्याच बाजूला घर घ्या. संध्याकाळी सातच्या रहदारीत तेथे पोचायला किती वेळ लागतो, ते करार करण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा.

घर पसंत पडले तरी घरमालकाची पसंती उरते. ‘वयस्कर भाडेकरू नकोत’ असे एजंट हल्ली तोंडावर सांगतात. घर वेळेवर रिकामे होणार नाही किंवा काही बरेवाईट घडेल, ही भीती त्यामागे असते. ही वागणूक मला अपमानास्पद वाटते. पण तिला तोंड द्यायचे तर पुनर्विकासाच्या कराराची प्रत आणि जवळ राहणाऱ्या नातेवाइकाचा संपर्क आपणहून पुढे ठेवावा. पुष्कळ दारे तेवढ्याने उघडतात.

करार अकरा महिन्यांचाच असावा, अशी समजूत इतकी रूढ आहे की तो कायदाच वाटावा. तसे नाही. लिव्ह अँड लायसन्स करार साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. वृद्धांसाठी शक्य तितक्या मोठ्या मुदतीचा करार मागा. दर अकरा महिन्यांनी घर बदलणे म्हणजे दर अकरा महिन्यांनी ही सगळी जोखीम नव्याने पत्करणे. मुदत संपल्याची तारीखही डोळ्यांसमोर ठेवा. त्यानंतर घर न सोडल्यास कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाईची जबाबदारी येते. इमारतीचे काम रेंगाळले, हे कारण तेथे चालत नाही.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या, असे मी आग्रहाने सांगते. न्हाणीघरात आणि कमोडशेजारी आधारदांड्या बसवायची परवानगी असेल. घर सोडताना भोके बुजवून देण्याची हमी आपण द्यावी. रात्री मुक्कामी राहणारी मदतनीस किंवा परिचारिका यांना हरकत असणार नाही. आणि घर सोडता न येण्याचा कालावधी ठरला असला तरी गंभीर आजार किंवा मृत्यू ओढवल्यास एक महिन्याच्या सूचनेवर, दंडाशिवाय करार संपवता येईल. शेवटचे कलम लिहिताना सगळ्यांना अवघडल्यासारखे होते. वडील गेल्यानंतर पंधरा दिवसांनी त्यावरून वाद घालणे त्याहून अवघड असते. टाइलला भोक नको म्हणून रबरी पेल्याने चिकटणाऱ्या दांड्या बाजारात मिळतात. त्या ओल्या भिंतीवरून अचानक सुटतात. घसरणाऱ्या माणसाचा भार त्यांच्यावर टाकू नका.

नोंदणीसाठी बोटांचे ठसे यंत्रावर घेतले जातात. सत्तरीनंतर बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा ओळखत नाही. यात घाबरण्यासारखे काही नाही. आदल्या दिवशी बोटांना खोबरेल तेल लावून हात मऊ ठेवावेत, ठसा देण्यापूर्वी ते कोरडे पुसावेत आणि दहाही बोटे आजमावून पाहावीत. त्याच आठवड्यात निवृत्तिवेतनाची बँक, गॅस आणि आरोग्यविमा यांच्याकडे पत्ता बदलून घ्या, म्हणजे नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्याच्या वेळी धावपळ होत नाही.

सामान हलवण्याच्या दिवशी वृद्धांना धुळीत आणि गोंधळात बसवू नये. सकाळीच एखाद्या नातेवाइकाकडे पाठवावे आणि नव्या घरात सर्वांत आधी त्यांचीच खोली लावावी. औषधे, चष्मा, कवळी, श्रवणयंत्राची बॅटरी, रक्तदाबमापक आणि औषधांची कागदावर लिहिलेली यादी एका पिशवीत. ती पिशवी घरच्या माणसाच्या हातात, ट्रकमध्ये नव्हे. इन्सुलिन थंड पिशवीत न्यावे, मात्र बर्फाला चिकटू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

पलंग लावताना एक गोष्ट पाहा. जुन्या घरात पलंगावरून उजवीकडे उतरून सहा पावलांवर शौचालय असेल, तर चाळीस वर्षांच्या सवयीने रात्री दोन वाजता पाय उजवीकडेच वळतात. नव्या घरात तेथे भिंत किंवा कपाटाची कड असते. झोपेतला माणूस आठवणीने चालतो. म्हणून उतरण्याची बाजू शक्यतो तीच ठेवा आणि पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट मोकळी व मंद उजेडाची ठेवा. हालचालीने लागणारा छोटा दिवा फार खर्चाचा नसतो. वाटेवर सतरंजी किंवा पायपुसणे नको. कालनिर्णय, देव्हारा आणि रेडिओ जुन्या घरात एकमेकांच्या जवळ होते तसेच येथेही असू द्या. विस्मरणाचा आजार असलेल्यांसाठी शौचालयाच्या दारावर मोठे चित्र लावा आणि खिशात नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ‘घरी चला’ असे ते म्हणू लागले, तर वाद घालून ‘हेच घर’ असे पटवू नका. चार पावले बरोबर चाला, चहा विचारा, विषय वळवा.

पहिल्या रात्री झोप येत नाही म्हणून शेजाऱ्याकडची अर्धी गोळी देण्याचा प्रकार सर्रास घडतो. नव्या घरात, अनोळखी वाटेवर, गुंगीत उठणारे माणूस पडणारच. झोपेचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कदापि देऊ नये. दोन रात्री झोप लागली नाही तर फारसे बिघडत नाही. खुबा मोडला तर बिघडते. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल, तर ती सकाळी घेता येईल का, हे स्थलांतरापूर्वीच विचारून घ्या. रक्तदाबही आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोनदा मोजावा. पाच मिनिटे झोपून एकदा, मग उभे राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर रात्रीच्या पडण्याचे कारण फरशीत नसून रक्तदाबात असू शकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. घर बदलल्यावर पहिल्या पंधरवड्यात आजी काही असंबद्ध बोलू लागल्या, सकाळी ठीक आणि संध्याकाळी अंगावरचे कपडे ओढू लागल्या किंवा दिवसभर न उठता पेंगत राहिल्या, की घरचे म्हणतात, ‘‘नवीन जागा आहे, रुळतील हळूहळू.’’ थोडी चुकामूक, थोडी उदासी, ‘आपला खिडकीचा कट्टा बरा होता’ ही तक्रार, हे रुळण्यातले झाले. पण काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक आलेला गोंधळ हा जागेचा दोष नव्हे. तो आजार आहे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावयाचा आहे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, लघवी तुंबणे, नव्याने सुरू झालेले औषध, स्थलांतराच्या धांदलीत कमी प्यायलेले पाणी, अगदी साधी बद्धकोष्ठतासुद्धा वृद्धांमध्ये मेंदूचा असा गोंधळ घडवते. संसर्गात ताप येईलच असे नाही. सामान हलवताना डोक्याला लागले असेल आणि रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील, तर कवटीत संथपणे झालेला रक्तस्राव कित्येक आठवड्यांनी लक्षणे दाखवू शकतो. म्हणून ‘लागून महिना झाला’ हे समाधान पुरेसे नाही. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे दिसले, तर दवाखान्याचीही वाट न पाहता १०८ ला दूरध्वनी करावा. नवा पत्ता, विंग, मजला आणि जवळची खूण मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवून ठेवलेली असावी. घाबरलेल्या माणसाला जुनाच पत्ता आठवतो. एकट्या राहणाऱ्यांनी ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६७ हाही तेथेच लिहावा. घरातील छळ, बेघर होण्याची वेळ, निवृत्तिवेतनाची अडचण किंवा कायदेशीर मार्गदर्शन यांसाठी तो उपयोगी पडतो.

भाड्याच्या घरात रुळेपर्यंत परतण्याची वेळ येते आणि तेही एक स्थलांतरच असते. जेथे तळमजल्यावर चार पायऱ्या उतरून अंगण होते, तेथे चौदावा मजला असतो. त्या घराची तयारी मात्र आजच, बांधकाम जमिनीबाहेर येण्यापूर्वी, करता येते. सोसायटीच्या समितीमार्फत वास्तुरचनाकाराला लेखी कळवा : न्हाणीघराला पायरी नको आणि फरशी खरखरीत हवी, न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे, किमान ८० सेंटिमीटर मोकळ्या रुंदीचे हवे, आधारदांड्या पुढे बसवता येतील अशी भक्कम भिंत हवी, निदान एक लिफ्ट स्ट्रेचर मावेल एवढी हवी, आणि तळमजल्यावर, सावलीत, पाठ टेकता येईल असे बाक हवे. आराखडे महानगरपालिकेकडे जाण्यापूर्वी ही मागणी केली तर तिला फारसा खर्च येत नाही.